रंगाचा फेरफार

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात, पुण्याच्या नाना पेठेतील एका अरुंद बोळात, पत्र्याच्या छपराखाली लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या १९५६ सालच्या एका फियाट गाडीभोवती आम्ही तिघे उभे होतो: गाडीचे मालक असलेले माझे एक स्नेही, रंगकामाचा म्हातारा मिस्त्री, आणि केवळ कुतूहलापोटी त्यांच्यामागे गेलेला मी. मुंबईकरांनी जिला तिच्या गोलसर घडणीवरून ‘डुक्कर फियाट’ हे नाव बिनदिक्कत बहाल केले, त्या जातीची ही गाडी. पुढचे दरवाजे आजच्या रिवाजाच्या उलट दिशेने उघडणारे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जडवलेला. मिस्त्रीने डाव्या मडगार्डवर पाण्याचा पेपर फिरवून रुपयाएवढी जागा पत्र्यापर्यंत घासली होती, आणि झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसावीत तशी तेथे वलये उमटली होती: कडेला काळपट हिरवा, त्याच्या आत फिकट आकाशी, मग तांबूस अस्तराची एक बारीक रेघ, मग करडा, आणि मध्यभागी उघडा पत्रा. मिस्त्रीने ओल्या फडक्याने ती जागा पुसली आणि विचारले, “साहेब, यातला कुठला मारायचा?”

विचारणाऱ्याला उत्तराची घाई होती, कारण माणसांची मजुरी चालू होती. ज्याला विचारले त्याला मात्र पुढचे तीन आठवडे उत्तर देता आले नाही. गाडी त्यांच्या वडिलांनी १९७१ साली दुसऱ्या हातातून घेतली होती, आणि घेतल्यापासून महिन्याच्या आत ती आकाशी करून घेतली होती. त्या आकाशी गाडीतून स्नेही आणि त्यांची भावंडे पंढरपुराला गेली, वरंध घाट उतरून कोकणात गेली, थोरल्या बहिणीची पाठवणी त्याच गाडीतून झाली. हिरवा रंग पुढे, गाडी एका नातलगाकडे वापरायला असताना, केव्हातरी चढला. राहता राहिला करडा. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी ज्या रंगात बाहेर पडली तो रंग या भावंडांपैकी कोणाच्याही आठवणीत नव्हता. तरीही जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींपैकी ज्यांना ज्यांना माझ्या स्नेह्यांनी विचारले, त्यांनी त्यांनी निक्षून हाच करडा सांगितला होता. ‘मूळ रंग सोडलात तर गाडी वाया गेली समजा,’ असा त्यांचा एकमुखी निवाडा होता. स्नेह्यांच्या चिरंजीवांचे मत लालभडक रंगाकडे होते, आणि त्याची कारणे देण्याची त्यांना आवश्यकता वाटत नव्हती.

हा वाद क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझे भांडण नाही. पोटापाण्याच्या प्रश्नांपुढे मोटारीच्या रंगाचा प्रश्न क्षुल्लक आहेच. परंतु जुन्या वस्तूशी इमान राखणे म्हणजे नेमके कोणाशी इमान राखणे, हा प्रश्न ज्याला पडला असेल, मग ती वस्तू वाडा असो, तंबोरा असो की आजीचे लुगडे असो, त्याला या मडगार्डवरच्या रुपयाएवढ्या वर्तुळात पुष्कळ काही वाचता येईल. मोटारींच्या बाबतीत तो प्रश्न जगभर गंभीरपणे विचारला गेला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या मंडळांचा ‘फिवा’ नावाचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ पासून अस्तित्वात आहे, त्याने २०१२ साली एक सनद मंजूर केली, आणि प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसला झालेल्या सनदेचा कित्ता त्यासाठी पुढे ठेवला. या मोटारींच्या सनदेला नाव मिळाले ते ट्युरिनचे. १८९९ साली जेथे फियाट कंपनी जन्मली त्याच नगराचे. म्हणजे आमच्या बोळातील गाडीचे आजोळ आणि तिच्यावर लागू होणारा धर्मशास्त्राचा ग्रंथ, दोन्ही एकाच गावचे निघाले.

‘मूळ रंग’ हे शब्द आपण उच्चारतो तेव्हा दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच पोतडीत कोंबतो, आणि सगळा घोटाळा तेथे सुरू होतो. एक आहे रंगाची छटा: कारखान्याच्या वहीत जिचा सांकेतिक क्रमांक नोंदलेला असतो, आणि जी आज कोणताही कुशल कारागीर संगणकाच्या साहाय्याने जुळवून देऊ शकतो. दुसरा आहे प्रत्यक्ष रंगाचा थर: त्या साली, त्या कारखान्यात, त्या पत्र्यावर बसलेला, आणि नंतरच्या प्रत्येक उन्हाळ्याने थोडाथोडा खाल्लेला. पहिली गोष्ट माहिती आहे. ती हरवली तरी पुन्हा मिळते. दुसरी गोष्ट द्रव्य आहे. ती एकदा घासून गटारात गेली की विधात्यालाही परत आणता येणार नाही. शुद्धतेचा आग्रह धरणारी आपली मंडळी पहिलीसाठी प्राण पाखडतात आणि दुसरीच्या नाशाकडे डोळेझाक करतात. ज्या गाडीवर साठ वर्षांपूर्वीचा रंग, विटका का होईना, पण बऱ्यापैकी शाबूत आहे, ती गाडी पत्र्यापर्यंत खरवडून त्याच छटेचा चकचकीत नवा रंग तिच्यावर चढवणारा गृहस्थ बक्षिसे मिळवतो. आणि गंजून चाळण झालेल्या, मूळ रंगाचा कणही न उरलेल्या सांगाड्यावर निराळा रंग चढवणाऱ्यावर मात्र पाखंडाचा आरोप येतो. माझ्या मते अपराधी पहिला आहे. दुसऱ्याने फार तर एक स्वातंत्र्य घेतले. पहिल्याने पुरावा नष्ट केला, आणि त्याच्या जागी नक्कल ठेवून खाली ‘अस्सल’ म्हणून सही ठोकली.

यात नवीन काही नाही. इमारतींच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकातील युरोपाने हाच झगडा पाहिला. जॉन रस्किनने १८४९ साली जीर्णोद्धार नावाच्या प्रकाराला सरळसरळ असत्य ठरवले. फ्रान्सचा व्हियोले-ल-द्यूक उलट टोकाला जाऊन, वास्तू कदाचित कधीच नव्हती अशा पूर्णावस्थेला तिला नेऊन बसवणे हाच जीर्णोद्धार, असे प्रतिपादन करीत होता. आमचे मोटारवाले स्वतःला रस्किनचे शिष्य समजतात आणि काम करतात ते व्हियोले-ल-द्यूकच्या हाताखाली. कारखान्यातून निघताना नव्हती एवढी झळाळी त्या गाड्यांना आज असते, आणि याचे कारण रसायनात आहे.

मोटारींच्या आरंभीच्या काळात रंग घोडागाड्यांच्या पद्धतीने, ब्रशने, थरावर थर देऊन चढत असे, आणि एक गाडी सुकून बाहेर पडायला कित्येक आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीचा नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्युको’ आला, ओकलंड कंपनीच्या १९२४ च्या नमुन्याच्या निळ्या गाड्यांवर तो प्रथम झळकला, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्या गॅरेजांत आजही कोणत्याही फवाऱ्याच्या रंगाला ‘ड्युको’ म्हणतात, ते या कुळाचे नाव. हा सेल्युलोजचा रंग स्वभावाने मवाळ: फवारल्यावर कंपाउंड लावून घासावे तेव्हा तेज देणारा, उन्हात खडूसारखा पांढुरका पडणारा, पण पडतानाही एक प्रकारची सखोल, किंचित दमट वाटणारी कांती राखणारा. आज जो रंग मारतात तो दोन भागांचा. खाली रंगद्रव्य आणि वर काचेसारख्या पारदर्शक लाखेचा थर. त्याची चमक पृष्ठभागावर तरंगते. छटेचा क्रमांक तंतोतंत जुळवून, १९५६ च्या गाडीवर हा काचेचा लेप चढवला की जे तयार होते ते १९५६ साली पृथ्वीतलावर कोठेही नव्हते. तेव्हा ‘मूळ रंग’ मारला असे म्हणताना निदान आवाज थोडा खाली असावा.

दुसरा भ्रम हेतूचा. मूळ रंगात कोणाची तरी इच्छा साकार झालेली असते, आणि आपण ती पाळली पाहिजे, असे एक गृहीत या आग्रहामागे असते. काही गाड्यांच्या बाबतीत ते निर्विवाद खरे आहे. १९०७ साली रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या एका गाडीला ॲल्युमिनियमचा रुपेरी रंग दिला, तिच्या कड्या-कोयंड्यांना चांदीचा मुलामा दिला आणि तिचे नाव ठेवले ‘सिल्व्हर घोस्ट’; पुढे ते नाव साऱ्या जातीला चिकटले. त्या एका गाडीला उद्या कोणी तपकिरी रंग दिला तर तो तिचे नावच पुसून टाकील. पण अशी गाडी लाखात एक. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात निघाली; तिच्याविषयी जगाची समजूत अशी की ती काळीच असे, आणि १९१४ पासून सुमारे बारा वर्षे ती खरोखर काळीच निघत होती; पण त्याआधी ती लाल, करडी, हिरवी निघाली, आणि १९११ च्या सुमारास गडद निळी. आज एखाद्याने परंपरेच्या अभिमानाने १९११ ची गाडी काळी केली तर तो परंपरा पाळीत नाही, परंपरेविषयीची अफवा पाळतो.

आणि आमच्या करड्या फियाटीचे काय? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघाली, तो काळ परवान्यांचा आणि प्रतीक्षायाद्यांचा. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि नंबर लागला की आलेली गाडी मुकाट्याने ताब्यात घ्यावी, असा तो जाबता होता. बाजारात घासाघीस करून काकडी घेण्याचे जे स्वातंत्र्य गृहिणीला असते तेवढेही मोटार घेणाऱ्याला नव्हते. ज्या गृहस्थाने ती करडी गाडी प्रथम घेतली त्याला करडा रंग आवडत होता की नंबर सोडून देण्याचे धैर्य नव्हते, हे सांगायला आज कोणी नाही. अशा रंगाला ‘मूळ संकल्प’ म्हणून पूजणे म्हणजे रेशनच्या दुकानात मिळालेल्या कापडाच्या रंगावरून त्या काळच्या लोकांची रसिकता ठरवणे होय. उलट १९७१ साली स्नेह्यांच्या वडिलांनी पदरचे पैसे मोडून जो आकाशी रंग लावून घेतला, त्यात मात्र एका माणसाची निवड निःसंशय आहे.

येथे मला अमेरिकेतील एका गाडीची कथा सांगितलीच पाहिजे, कारण या विषयाची सारी गुंतागुंत तिच्या एकटीच्या अंगावर चढली आणि उतरली आहे. जॅनिस जॉप्लिन या गायिकेने १९६८ साली एक वापरलेली पोर्श गाडी घेतली; १९६४ ची, ३५६ सी जातीची, कारखान्यातून राखाडी निघालेली. तिने ती डेव्ह रिचर्ड्स या आपल्या पथकातील सहकाऱ्याच्या हवाली केली आणि त्याने बॉनेटपासून डिकीपर्यंत त्या गाडीवर विश्वाचा इतिहास रंगवला: फुलपाखरे, डोळे, डोंगर, तारे, खुद्द गायिका आणि तिचे साथीदार. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ती गाडी आणि तिची मालकीण ही एकमेकींची ओळख होऊन बसली. १९७० च्या ऑक्टोबरात, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी जॅनिस गेली. गाडी कालांतराने तिच्या भावंडांकडे आली, ऊनपावसाने चित्रे झडू लागली, आणि तेव्हा घरच्यांनी ती दुरुस्त करून पुन्हा राखाडी रंगवली. शुद्धतावाद्यांच्या व्याख्येप्रमाणे हा निर्दोष जीर्णोद्धार होता! गाडी कारखान्याच्या रंगाला परत गेली होती. फक्त ती जॅनिसची गाडी राहिली नव्हती. पुढे १९९० नंतरच्या दशकात कुटुंबाने कलावंत बसवले, जुनी छायाचित्रे समोर ठेवून ती सारी चित्रे पुन्हा काढवून घेतली, आणि १९९५ पासून गाडी क्लीव्हलंडच्या रॉक संगीताच्या संग्रहालयात लोकांनी डोळे भरून पाहिली. २०१५ च्या डिसेंबरात तिचा लिलाव झाला तेव्हा तिला १७ लाख ६० हजार डॉलर आले.

आता या गाडीचा ‘मूळ’ रंग कोणता? राखाडी म्हणावे तर तो तिच्या आयुष्यातील सर्वांत निरर्थक काळ. चित्रे म्हणावीत तर आज जी आहेत ती रिचर्ड्सच्या हातची नाहीत, नक्कल आहेत. प्रामाणिक, जाहीर, सर्वांना ठाऊक असलेली नक्कल. माझ्या मते कुटुंबाने दुसऱ्या वेळी केले ते योग्य केले, आणि पहिल्या वेळी जे केले ते चुकीचे होते. पण ही चूक राखाडी रंग निवडण्यात नव्हती, झडत्या चित्रांवरून हात फिरवण्यात होती. जॉन लेननने आपली काळी रोल्स-रॉइस १९६७ साली पिवळी करून तिच्यावर वेलबुट्टी काढवली; ती आज कॅनडातील व्हिक्टोरियाच्या संग्रहालयाच्या मालकीची आहे, आणि तिला पुन्हा काळी करा असे म्हणण्याची छाती कोणाही सनातन्याला झालेली नाही. म्हणजे मालक पुरेसा विख्यात असला की उत्तरकालीन रंगालाही इतिहासाचा दर्जा मिळतो. मग माझ्या स्नेह्यांच्या वडिलांनी काय पाप केले होते? जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, एवढेच ना?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक रूप मोटारीहून कितीतरी प्राचीन आहे. पाषाणाच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढतो, आणि शेवटी भक्ताला दिसते ते शेंदराचे रूप. त्याच रूपाची तसबीर देव्हाऱ्यात असते, तेच डोळ्यांपुढे आणून नवस बोलले जातात. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील असा लेप २०२२ साली काढण्यात आला आणि त्याखालचे कोरीव रूप प्रकटले, तेव्हा जे भाविक त्याच्या दर्शनाने गहिवरले त्यांच्यात ओळखीचा चेहरा न दिसल्याने क्षणभर गांगरलेलेही असतीलच. जुने ते खरे म्हणावे तर पाषाण खरा. पण ज्याला शेकडो वर्षे हात जोडले गेले ते शेंदरी रूप खोटे कसे म्हणावे? देवाची आणि मोटारीची बरोबरी करण्याचा अविनय माझ्या मनात नाही. ज्या समाजाला लेपाखालचे आणि लेपावरचे अशी दोन्ही रूपे एकाच वेळी सत्य मानता येतात, त्याने मोटारीच्या बाबतीत एका सांकेतिक क्रमांकापुढे एवढे हतबल व्हावे याचे नवल वाटते, इतकेच.

इथवर वाचून चिरंजीवांच्या लालभडक पक्षाला वाटेल की मी त्यांचा वकील आहे. मी तो नाही. ‘गाडी माझी, पैसा माझा, रंग माझा’ हा युक्तिवाद कायद्यात टिकतो, विचारात टिकत नाही. शर्यतींच्या आरंभकाळी प्रत्येक राष्ट्राचा एक रंग ठरला: इंग्लंडचा हिरवा, फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, त्यामुळे फेरारी म्हणजे लाल हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. वस्तुतः १९६४ च्या हंगामाअखेरीस इटलीतील अधिकाऱ्यांशी बिनसल्यामुळे फेरारीच्या गाड्या अमेरिकेत आणि मेक्सिकोत पांढऱ्या-निळ्या रंगात धावल्या, आणि जॉन सर्टीजने जगज्जेतेपद त्याच रंगात मिळवले. रस्त्यावरच्या फेरारी तर करड्या, तपकिरी, गडद निळ्या, सोनेरी अशा नाना रंगांत विकल्या गेल्या होत्या. पुढे त्यांना लिलावात सोन्याचा भाव आला तेव्हा धनिकांनी त्यातल्या कितीतरी खरवडून लाल केल्या, कारण लाल लवकर खपे. आणि आता अस्सलपणाला भाव आला म्हणून त्यातल्याच काही पुन्हा खरवडून तपकिरी होत आहेत. दोन्ही वेळा निर्णय बाजाराने घेतला आणि दोन्ही वेळा त्याला नाव दिले गेले रसिकतेचे. एका माणसाने एक गाडी लाल केल्याने काही बिघडत नाही, हे खरे. शंभरांनी शंभर केल्या की एका काळाची रंगपेटीच नाहीशी होते. १९५० आणि ६० च्या दशकांतील ते बिचकते, दुधाळ, किंचित उदास रंग, साय धरलेल्या चहासारखे, पावसाळी आभाळासारखे, रुग्णालयाच्या भिंतीसारखे, आजच्या डोळ्यांना आवडणार नाहीत. पण ते आवडावेत म्हणून राखायचे नसतात. तेव्हाचा रस्ता कसा दिसत होता याची ती साक्ष आहे. आणि १९५६ च्या गाडीवर आजचा मोत्यासारखा चमचमणारा धातूचा रंग म्हणजे पेशवाईवरील नाटकात पात्राच्या मनगटावर घड्याळ दिसावे तसा प्रकार होय.

तेव्हा माझा अभिप्राय असा की रंग बदलण्याचा अधिकार आहे, पण तो वतनदाराचा नाही, वहिवाटदाराचा आहे. मूळ थर जेथे जगला आहे तेथे त्याला हात लावू नये, मग तो कितीही विटका असो. तो जेथे आधीच गेला आहे तेथे बदल करावा, पण त्या गाडीच्या काळात जे रंग होते त्यांच्या मर्यादेत, आणि उघडपणे. या ‘उघडपणे’ शब्दावर माझा सर्वांत अधिक भर आहे. आपल्या महसुली दप्तराने यासाठी एक फार सुंदर रीत घालून दिली आहे. सातबाऱ्यावर फेरफार होतो तेव्हा आधीच्या खातेदाराचे नाव खरवडून नाहीसे करीत नाहीत; त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक घालतात. जमीन नव्याची झाली, पण जुना कंसात राहिला. वाचू जाणाऱ्याला तीन पिढ्यांची वहिवाट एका कागदावर वाचता येते. गाडीचेही असेच व्हावे. डिकीच्या अस्तराखाली, डॅशबोर्डच्या मागे, दरवाजाच्या आतल्या पुठ्ठ्याआड तळहाताएवढी जागा न घासता तशीच सोडावी. काम सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे, थरांचा क्रम, कोणत्या साली कोणी कोणता रंग मारला याची टिपणे एका फायलीत घालून ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावी. ट्युरिनची सनदही केलेल्या कामाची नोंद ठेवण्याचा आग्रह धरते. ती वाचताना मला एखाद्या चोख तलाठ्याचीच आठवण झाली.

सरकारी कायदा या बाबतीत निराळ्याच चिंतेत असतो. गाडीचा रंग हा नोंदणीच्या पुस्तकातील एक तपशील आहे, आणि तो बदलला तर परिवहन कार्यालयाकडून तशी नोंद करून घ्यावी लागते. पोलिसाने पुस्तकात करडी वाचावी आणि समोर आकाशी उभी दिसावी हे राज्याला परवडणारे नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. त्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. या यादीत रंगाचे नाव नाही. नियम करणाऱ्याच्या ते मनात आलेच नसेल. तथापि त्याच्या हातून नकळत का होईना, शहाणपणाची गोष्ट घडली आहे असे मला वाटते. हाडे आणि काळीज बदलू नका, वस्त्राचे तुम्ही पाहा.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचाही येथे ओझरता उल्लेख केला पाहिजे. याच फियाटीची धाकटी बहीण प्रीमियर पद्मिनी; २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. अशी एखादी टॅक्सी घेऊन, तिचा काळा-पिवळा उतरवून, तिला एखाद्या डॉक्टरच्या घरगुती गाडीसारखी मलईच्या रंगाची करण्याची कल्पना कोणा हौशी माणसाला सुचली तर त्याने तो मोह आवरावा. वीस वर्षे जिने व्हीटीच्या पायऱ्यांसमोर रांग लावली तिला कुलीन ठरवण्याचा हा खटाटोप कोणासाठी?

तर तीन आठवड्यांनी माझ्या स्नेह्यांनी मिस्त्रीला आकाशी सांगितला. करडा बॉनेटवर आणि दरवाजांवर कोठेच सलग उरलेला नव्हता; गंजाचे आणि पुट्टीचे इतके ठिगळकाम झाले होते की जतन करण्यासारखे तेथे काही नव्हते, नाहीतर मी त्यांच्याशी भांडलो असतो. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तो करडा जसाच्या तसा सापडला, आणि त्याच्या कडेला आकाशीचा एक ओघळ, ५० वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हातून निसटलेला. तेवढा तुकडा कागद चिकटवून झाकायला सांगितले तेव्हा मिस्त्री नाराज झाला. “साहेब, लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं काम अर्धवट सोडलं,” तो म्हणाला. स्नेह्यांनी त्याला खुर्चीवर बसवून, चहा पाजून, त्या तुकड्याच्या खाली त्याचे नाव आणि साल बारीक अक्षरात त्याच्याच हाताने लिहून घेतले.

आपल्याही घरी किंवा शेजाऱ्याच्या अंगणात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल. तिच्यावर पेपर फिरवण्यापूर्वी एकदा डिकीचे अस्तर उचलून पाहावे.